नोकरी केलीत, पण नोंद कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा. वह्यांना कव्हरं घालणं, रेनकोट शोधणं, युनिफॉर्मची उसवलेली शिवण घालणं अशी नेहमीची धांदल चाललेली. त्यातच मैत्रिणीचा फोन आला. गावातल्याच एका शाळेत मराठी शिकवायला बाई हव्या होत्या. काम अर्धवेळ, तासिकेवरचंच. पण मानधन आधीच्या शाळेपेक्षा बरंच जास्त आणि मुख्य म्हणजे हातात नेमणुकीचं पत्र मिळणार होतं. अर्जाला आधीच्या कामाचा अनुभवाचा दाखला तेवढा जोडायचा होता.

मला वाटलं, हे तर हातचंच काम! जवळच्याच एका शाळेत मी सहा वर्षं मराठी शिकवलं होतं. पाचवी ते सातवीचे वर्ग, रोज तीन तास, वर स्नेहसंमेलनाची नाटुकली, हस्तलिखिताचं काम आणि परीक्षेचे गठ्ठे. त्याच मे महिन्यात शाळेला बी. एड. झालेली मुलगी मिळाली आणि मला तोंडीच सांगण्यात आलं, “बाई, जूनपासून येऊ नका.” वाईट वाटलं; पण निदान केलेल्या कामाचा दाखला तरी मिळेल ना!

ऑफिसात गेले. भाऊसाहेबांनी कपाटातून मस्टर काढलं, पानं उलटली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाई, तुमचं नाव मस्टरवर नाही.”

“अहो, मी रोज सही करत होते!”

“ती कच्ची वही. तासिकेवाल्यांची. ती दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते.”

मुख्याध्यापक नवीन आले होते. माणूस सज्जन. म्हणाले, “तुम्ही शिकवलं यात शंका नाही, बाई. पण मी कशाच्या आधारावर लिहून देऊ?” पगार पाकिटातून रोख मिळायचा, नेमणूक तोंडी झाली होती आणि काढलं तेही तोंडीच. माझी सहा वर्षं रद्दीच्या भावानं गेली होती!

घरी येऊन कुकर लावला आणि ओट्याशीच रडून घेतलं. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. काकूंचा जन्म सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेलेला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “अगं, वाण्याची यादी, दुधाची वही, गॅसची पावती सगळं जपून ठेवतेस. आणि स्वतःच्या कामाचा एक कागद तुझ्याकडे नाही?”

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळून आपल्यापैकी कितीतरी जणी शाळेत, क्लासमध्ये, दवाखान्यात, पतपेढीत अर्धवेळ काम करतात. नोकरी करतात, पण ती पुढे कशी न्यायची याचा विचार राहून जातो. दोन वर्षांत ठेच लागून जे शिकले, ते तुमच्यापुढे ठेवते. उदाहरणं शाळेची आहेत, कारण मला तेच जग माहीत आहे. पण बऱ्याच गोष्टी कुठल्याही कामाला लागू पडतील.

सोय कोणाची?

सुरुवातीला मला कोणी विचारलं, की मी हसून सांगायचे, “वेळ जातो आणि चार पैसे मिळतात.” खरं तर मला शिकवायला मनापासून आवडतं. पण आपणच आपल्या कामाला ‘वेळ घालवणं’ म्हटलं, तर दुसरा त्याला नोकरी का म्हणेल?

पाचवीच्या पुढचे वर्ग शिकवायला नियमानं प्रशिक्षण लागतं. माझ्याजवळ नुसती बी. ए. तरी शाळेनं मला घेतलं, कारण त्यांची सोय होती. दुपारचे तीन तास कोणीतरी सांभाळायला हवे होते. मीही गेले, कारण माझी सोय होती. मुलगा त्याच वेळी बालवाडीत असायचा. पण सोय म्हणून ज्यांना घेतात, त्यांना सोय म्हणूनच काढतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा : हे काम मला पाच वर्षांनी कुठे नेणार आहे? उत्तर ‘कुठेच नाही’ असं आलं तरी घाबरू नका, काम सोडू नका. पण त्या दिवसापासून तयारीला लागा.

एक फाइल घरात असू द्या

काकूंनी मला दुसऱ्याच दिवशी बाजारातून एक जाड फाइल आणायला लावली. तिच्यात काय काय ठेवायचं ते ऐका.

नेमणुकीचं पत्र. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा नसोत, १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा लागू आहे, आणि त्याखालच्या १९८१ च्या नियमांत नेमणूक लेखी आदेशानं द्यावी असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा पत्र मागणं हा उद्धटपणा नव्हे. त्याच कायद्याखाली, कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्याला तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. पण तिथेही पहिला प्रश्न येतो तो कागदाचाच.

याशिवाय दर वर्षी मे महिन्यात त्या वर्षापुरता दाखला लिहून घ्या : कोणते वर्ग, कोणता विषय, आठवड्याला किती तास. सहा वर्षांचा एकदम मागायला गेलं, की साहेब बदललेले असतात. पगाराची चिठ्ठी, वेळापत्रकाची प्रत, शिबिराला गेलात तर त्याचं प्रमाणपत्र, ज्या वार्षिक अंकात शिक्षकवृंदात तुमचं नाव छापलं आहे तो अंक, सगळं ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत तर उत्तमच. पण मोबाइल पाण्यात पडतो, म्हणून कागदही हवा.

आणि अर्ज नेहमी दोन प्रतींत द्या. एक कचेरीत, दुसरीवर तारीख, सही-शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन घरी. काकू म्हणतात, “आवक क्रमांक नाही, तर अर्ज दिलाच नाही असं समज.”

मी तसंच केलं. माझ्याकडे कच्ची वही नव्हती, पण निकालपत्रकांवर ‘विषय शिक्षिका’ म्हणून माझ्या सह्या होत्या. ती पत्रकं तपासावीत, असा लेखी अर्ज दिला. सव्वा महिना खेटे घातले. शेवटी तीन वर्षांची पत्रकं सापडली आणि तीन वर्षांचा दाखला मिळाला. उरलेली तीन वर्षं गेली ती गेलीच. ती जागाही तोवर भरली होती. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत मला काम मिळालं ते त्याच दाखल्यावर, आणि या वेळी पत्र हातात घेतल्याशिवाय मी वर्गात पाऊल टाकलं नाही.

नावाचा घोळ

आपल्या बायकांचा हा खास प्रश्न. दहावी-बारावी आणि पदवीच्या कागदांवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि बँकेत तिसरंच काहीतरी. काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं! परीक्षेचा फॉर्म भरताना किंवा कागद तपासताना हा घोळ नेमका पुढे येतो आणि शेवटच्या दिवशी धावपळ उडते.

त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जवळ हवं. आपल्या राज्यात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. नोंदणी राहून गेली असेल तर आतासुद्धा करता येते, तेव्हा आळस करू नका. नाव बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून त्याची प्रत फाइलीत ठेवा. आणि कुठलाही फॉर्म भरण्याआधी, नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लिहायचं की आताचं, ही सूचना नीट वाचा. हे काम निवांतपणी करायचं असतं, जाहिरात निघाल्यावर नव्हे.

पुढची पायरी कोणती, हे स्वतः वाचा

“बी. एड. करून टाक” असं सांगणारे शंभर भेटतील, पण कुठलं, कसं, कशासाठी, हे सांगणारा विरळा. मी मन घट्ट करून सगळं वाचून काढलं. थोडक्यात सांगते.

पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर डी. एल. एड. (पूर्वीचं डी. एड.) हवं. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की या वर्गांसाठी बी. एड. ही पात्रता धरता येणार नाही. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि त्याबरोबर डी. एल. एड. किंवा बी. एड. चालतं. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी. एड.

पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टी. ई. टी., हीसुद्धा द्यावी लागते. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येकी दीडशे गुण. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण हवेत. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. पूर्वी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षांची असे. २०२१ मध्ये ती आयुष्यभराची केली. म्हणजे मुलं लहान असताना परीक्षा देऊन ठेवली आणि नोकरी पुढे केली, तरी प्रमाणपत्र वाया जात नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयानं असा निकाल दिला, की सेवेत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनीही ही परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवं. तेव्हा ‘आत शिरलं की झालं’ हे दिवस गेले.

बी. एड. आता दोन वर्षांचं आहे. त्याला सी. ई. टी. द्यावी लागते आणि पदवीला साधारण पन्नास टक्के गुण हवेत. इथेही राखीव प्रवर्गांना सवलत आहे. यात एका फसगतीपासून सावध करते. ‘घरबसल्या बी. एड.’ अशा जाहिराती भिंतीभिंतींवर दिसतात. दूरशिक्षणानं बी. एड. करता येतं हे खरं. पण ते आधीच प्रशिक्षण झालेल्यांसाठी आहे. माझ्यासारख्या नुसत्या बी. ए. झालेल्या बाईला रोज कॉलेजात जाऊनच ते करावं लागतं, आणि हजेरीही कडक असते. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे ना, हे फी भरण्याआधी बघा. माझ्या ओळखीतल्या एकीनं अशीच एका ‘एजंट’कडे रक्कम भरली. पैसे गेले ते गेलेच, दोन वर्षंही गेली.

ज्यांची पदवीच अर्धी राहिली आहे, त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रस्ता आहे. ते १९८९ मध्ये निघालं तेच मुळी घरातून, कामातून शिकणाऱ्यांसाठी.

वयाचं मनावर घेऊ नका. अनुताई वाघांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९१० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. शिक्षिकेची नोकरी करत करत त्या रात्रशाळेत शिकल्या आणि मॅट्रिक झाल्या १९३७ साली, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी. पदवी तर त्याहूनही कितीतरी उशिरा. १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला कामाला लागल्या आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी जन्म वाहिला. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला काही कोसबाड उभं करायचं नाही. पण पस्तिशीला ‘आता काय शिकायचं’ असं म्हणताना त्यांची आठवण जरूर ठेवावी.

मागायला शिका

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं म्हणतात. आपण मात्र वाटच बघत बसतो. कोणाच्या तरी आपणहून लक्षात येईल, मग मान मिळेल, मानधन वाढेल. मीही सहा वर्षं वाट पाहिली आणि एकदाही वाढ मागितली नाही.

मागण्याची एक पद्धत असते. रागाच्या भरात, वर्गाच्या दारात मागू नये. वेळ ठरवून भेटावं, आणि ‘घर चालत नाही’ असं रडगाणं न लावता काय काम केलं ते सांगावं. मी नव्या शाळेत कागदावर लिहून नेलं : वाचनात मागे पडलेली चौदा मुलं होती, शनिवारी जादा तास घेतले, वार्षिक परीक्षेपर्यंत अकरा जण धडा न अडखळता वाचू लागले. मुख्याध्यापिकाबाई दोन मिनिटं कागद बघत राहिल्या. माझं मानधन दुप्पट झालं असं नव्हे. पण तासामागे थोडं वाढलं आणि ग्रंथालयाचं काम माझ्याकडे आलं. त्याचंही मी पत्र घेतलं, हे वेगळं सांगायला नकोच!

आणि ‘नाही’ म्हणायलाही शिकावं. तोरणं लावणं, रांगोळी, पाहुण्यांचा चहा ही कामं बाईच्याच वाट्याला येतात. आनंदानं करावीत, पण तीच तेवढी पदरात पडत असतील तर गोड शब्दांत सांगावं, “या खेपेस मला परीक्षेचं नियोजन द्या. चहाचं दुसरं कोणी बघेल.”

पैसा आपल्या नावावर

पगार शक्यतो बँकेतच मागा. पाकीट पर्समध्ये येतं आणि भाजीत विरघळतं. पासबुकावरची नोंद मात्र राहते आणि पुढे तीच पुरावा होते. खातं तुमच्या एकटीच्या नावाचं असू द्या. त्यात नवऱ्यावर अविश्वास नाही. त्यांचंही एकट्याचं असतंच की!

जिथे वीस किंवा अधिक माणसं काम करतात, अशा खाजगी संस्थांना साधारणपणे भविष्य निर्वाह निधी लागू होतो. तुमचा कापला जातो का, विचारा. जात असेल तर तुमचा यू. ए. एन. क्रमांक फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नोकरी बदलली की पैसे काढून सोफासेट घेण्याचा मोह होतो. तसं न करता खातं पुढे चालू ठेवा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा धरतात, आणि आपल्यासारख्या तुटक नोकऱ्या करणारीला ही वर्षं जोडत नेणं फार महत्त्वाचं. तरुण मैत्रिणींनी हेही लक्षात ठेवावं, की २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची आहे. नुसत्या दिवस गेल्याच्या बातमीवर राजीनामा लिहून देऊ नका.

आणि घरी?

सगळ्यात अवघड भाग हाच. सी. ई. टी. द्यायचं ठरवलं तेव्हा ‘हे’ म्हणाले, “दे की. मी कुठे नाही म्हणतो?” पण ‘नाही’ न म्हणणं म्हणजे मदत नव्हे! चार दिवस मी तशीच धुसफुसत राहिले; भांड्यांचा आवाज वाढला तेवढाच. मग एका रविवारी सरळ कागदावर कामं लिहिली आणि समोर ठेवली. “अहो, यातली कोणती तीन तुमची?” ह्यांनी मुलाचा अभ्यास, संध्याकाळची भाजी आणि रात्री ओटा आवरणं घेतलं. मुलगा आता पाचवीत आहे. तो कपड्यांच्या घड्या घालतो. घड्या वाकड्या येतात. येऊ देत.

भीती होती ती सासूबाईंची. त्यांना सांगताना माझा आवाज बारीक झाला होता. त्या निवडत्या मेथीवरून मान वर न करता म्हणाल्या, “मला पण आलं होतं बोलावणं. डी. एड. चं. एस. एस. सी. झाले तेव्हा.” लग्नाला पंधरा वर्षं झाली, हे मला कधी कळलं नव्हतं. “मग?” मी विचारलं. “मग काय? पत्र कोणी तरी फळीवर डब्यामागे ठेवलं. मला सापडलं तेव्हा मुदत टळून गेली होती.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “पहाटे तू अभ्यासाला बस. चहा मी करीन. माझी झोप तशीही उडालेलीच असते.”

तेव्हापासून पहाटे पाच ते साडेसहा आमच्या स्वयंपाकघरात दिवा असतो. सासूबाई चहा ठेवतात आणि समोर जप करत बसतात. कधी माझा डोळा लागला, तर माळ टेबलावर जरा जोरात ठेवतात!

परीक्षा दिली आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. नंबर लागला तर दोन वर्षं पैशाची ओढाताण होईल, हे माहीत आहे. नाही लागला तर पुन्हा फॉर्म भरेन. प्रवेशपत्राची प्रत फाइलीत ठेवायला गेले, तर सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, चष्मा लावून नाव, जन्मतारीख सगळं वाचलं आणि स्वतःच नीट लावून ठेवली. आता ती फाइल देवघराशेजारच्या कपाटात असते. फळीवर, डब्यामागे कोणताही कागद ठेवायचा नाही, असा आमच्या घरात त्यांनीच नियम केला आहे.

फाइल करायला घेताना

- नेमणुकीचं पत्र आणि दर वर्षीचा अनुभवाचा दाखला
- आवक क्रमांक घातलेल्या अर्जांच्या प्रती
- पगाराची चिठ्ठी, पासबुक, यू. ए. एन. क्रमांक
- दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं, मूळ आणि प्रती वेगवेगळ्या
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नाव बदललं असल्यास राजपत्राची प्रत
- शिबिरं, स्पर्धा, छापून आलेलं काम
- पुढच्या परीक्षेची तारीख. ही मात्र फाइलीत नको, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसेल